खालपर्यंत जाणारा आवाज

स्पष्ट आहे हो, स्पष्ट नाही असं कुठे म्हणतेय मी — माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं, शब्दन् शब्द कळतो. पण रविकिरण, मी विचारतेय ते वेगळंच. हा आवाज खाली जातो का? खाली म्हणजे — या फरशीतून खाली. हसू नका. दुकानातून दोन-दोन साउंड सिस्टीम घेऊन बनशंकरीच्या ट्रॅफिकमधून आलात आणि गिऱ्हाईक वेडं निघालं, असं वाटत असेल तुम्हाला. मी वेडी नाही. आमचा अभिमन्यू सिंगापूरहून म्हणाला, आई, दोन्ही घरी लावून ऐक, आवडेल ती ठेव. तर मी ऐकतेय. आता दुसरी लावा. तो काळा डबा — सबवूफर ना? — तो सोफ्याजवळ नको, जेवणाच्या टेबलाखाली सरकवा. का म्हणजे? त्याच्या बरोब्बर खाली महानंदा बसते म्हणून.

कोण महानंदा? सांगते, तुम्ही वायरी जोडा. खालच्या मजल्यावरची. तुमच्याच बाजूची, निपाणीची — आम्ही पिढ्यान् पिढ्या इथले, आमचं मराठी अर्धं कन्नड, तिचं अस्सल. ती एकटी, मी एकटी, रोज दुपारी वर यायची, दोघी मिळून सिनेमा बघायचो. बघायचो कसला — खून कुणी केला ते ही बाई आधीच सांगायची, आणि दर वेळी चुकायची. तर एक दिवस अपार्टमेंटच्या ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत, तिनं लिहिलं — वरच्या मजल्यावरून सकाळी रगड्याचा आवाज येतो, कृपया दखल घ्यावी. ज्या रगड्यावरची चटणी वाटी भरून तिच्याच घरी जायची, तोच दगडी रगडा. मला लिफ्टमध्ये सांगता आलं नसतं? मी बोलणं बंद केलं. चटणीही बंद केली.

झालं जोडून? सरी, ठीक आहे, वाढवा. आणखी. अगं आई — कपाटातल्या बश्या वाजल्या की. याला म्हणायचं आवाज. आता कळेल तिला, रगडा किती गुणाचा होता ते. ती लढाई लावा, घोडे धावतात ती. बघा हं, आता ग्रुपवर मेसेज येईल. स्वल्प थांबा. येईल.

नाही आला.

बंद करू नका, राहू दे चालू. घरातच आहे ती, जाईल कुठे — गेल्या महिन्यात गुडघा बदललाय तिचा. मला कुणी सांगितलं नाही, गॅलरीतून दिसलं, वॉकर धरून उतरत होती गाडीतून. भाची होती सोबतीला, शाल्मली, ती काल संध्याकाळी बॅग घेऊन गेली. आणि आज सकाळपासून खाली मिक्सर नाही, कुकरची शिट्टी नाही, भांडं पडल्याचा आवाज नाही. मी काय कान लावून बसते का? बरं, बसले होते. तुम्ही यायच्या आधी फरशीला कान लावून बघितला — लावला तर लावला, मग उठता येईना, टेबलाचा पाय धरून उठले. हसा, हसा. काय म्हणता, जाऊन बेल वाजवा? मी का वाजवू? लिहिलं तिनं, मी नाही. आणि समजा वाजवली — आणि दार उघडलंच नाही — नको, ते राहू दे. तुम्ही वाढवा. शेवटपर्यंत फिरवा ते बटण. वरचे नरसिंहराव ओरडतील, तर ओरडू देत, त्यांचं कुणी ऐकत नाही.

बंद करा. बंद करा म्हणते ना — ऐकलंत? गॅलरीतून आलं. “वसूअक्का, छत पाडालीस काय माझ्या डोक्यावर?” तीच ती. गजांवर काठी पण आपटतेय, ऐका. काय जोर आहे हातात — आजारी माणसाची ही रीत का? “झोपू देत नाहीस” म्हणतेय. झोपली होती म्हणे, दुपारच्या बारापर्यंत. लाज नाही. नाही हो, डोळ्याला काही झालेलं नाही, तुमच्या डब्यानं टेबलाखालची धूळ उडवली सगळी.

उचला तो डबा. हो, न्या परत. पहिलीच ठेवा, स्पष्ट बोलणारी. तिचा डावा कान मंद आहे — शब्द निसटला की काय म्हणाला, काय म्हणाला, करत माझा दंड ओढते. आता हे ठरलं. अभिमन्यूला सांगते मी, मला हीच आवडली म्हणून.

आणि एक काम करा. जाताना खालच्या मजल्यावर लिफ्ट थांबवा, तिची बेल वाजवा, म्हणा — वर नवीन सिस्टीम लावलीय, चार वाजता ऐकून बघायला शेजारचं कुणीतरी लागतं. नाही, मी पाठवलं असं अजिबात बोलायचं नाही. दुकानाचा नियम आहे म्हणा. नसू दे हो असा नियम, तिला काय माहीत? निघा आता, लिफ्ट आलीय.