शरदिनीची नाडी

...आणि वर मलाच म्हणते, "शिवू नका!" आता तुम्हीच सांगा, न शिवता नाडी बघायची कशी? हाताची असती तर प्रश्नच नव्हता, लग्नात सगळ्यांसमक्ष धरलाच होता हात! पण पाय म्हणजे हात नव्हे हो!

तुम्हाला सांगतो, आमच्या हिला, शरदिनीला, शुगर. त्यात गंगेवर जाते अनवाणी, रामघाटाच्या पायरीवर ठेचला अंगठा, आणि जखम काही भरेना. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, रोज पावलावर नाडी चाचपा. रक्त पोचतंय तोवर औषधावर भागेल. नाडी नाही लागली, तर लगेच घेऊन या. पाय वाचवायचा आहे." पाय वाचवायचा...! आणि ही? साडीखाली पाय ओढून बसली! "नवऱ्यानं माझ्या पायाला हात लावायचा? पाप लागेल मला! मुक्ता आली की बघेल." मुक्ता म्हणजे आमची लेक, नागपुरात नर्स, येणार थेट दिवाळीला!

शेवटी धरलाच पाय. वर पावलावर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या सरळ रेषेत चाचपतोय, तर दारात इथला भोजपुरी दूधवाला! "का गुरुजी, कौनो गलती हो गइल का?" ही खुदकन हसली, पाय हलला, गेली नाडी! म्हटलं ना, पाय म्हणजे हात नव्हे हो!

पण मग लागली! माझ्या अंगठ्याखाली ठक ठक ठक, अगदी दणकून! आठवडाभर मी खूश. रविवारी मुक्ताला व्हिडिओवर ऐटीत दाखवतोय, तर ती ओरडली, "बाबा! अंगठ्यानं काय बघताय? अंगठ्यात तुमचीच नाडी लागते!" म्हणजे आठवडाभर मी स्वतःचीच नाडी बघून हिला "एकदम बढिया" सांगत होतो! मग हिची... हिची आहे की नाही?

"दोन बोटं ठेवा, बाबा. हलकी. दाबलंत तर कळणार नाही." ठेवली. काही नाही. सरकवली. काही नाही. शरदिनीनं आता स्वतःहूनच पाय पुढे केला! "बाबा, आतल्या घोट्याच्या मागे बघा..." घोट्याच्या मागे... थांबा... थांबा हं... होती! बारीकशी, टुक... टुक... अहो, रडूच फुटलं मला, आणि कपाळ टेकलं ते थेट तिच्या पावलावर! "अहो, उठा! हे तर आणखीच पाप!" ओरडत होती, पण डोळे तिचेही वाहत होते.

डॉक्टरांनीही तपासून सांगितलं, घोट्यामागचीच बघत जा. जखम आता सुकतेय. पण पापाचं काय? हिनंच तोडगा काढला. मी नाडी बघितली की ती मला वाकून नमस्कार करते, फिट्टंफाट! मी म्हणतो, "अखंड सौभाग्यवती भव," म्हणजे स्वतःलाच आयुष्य मागतो, पण मागतो बरं का, नाहीतर नाडी कोण बघणार हिची? मग गुडघे धरून एकमेकांना उठवतो, तोवर चहा गार. त्या गार चहावरून भांडावं म्हटलं, तर तीही सोय उरली नाही... जिचे रोज पाय धरायचे, तिच्याशी भांडायचं कुठल्या तोंडानं हो?