जत्रेआधीचो भुयमूग

माझा माहेर देवबागचा, बापाशीची होडी, एका हाताक खाडी नि दुसऱ्या हाताक दर्या, थंयसर थंडी म्हणजे काय ता माका कधी कळलाच नाय. लगीन होऊन कट्टा गावाच्या वरच्या अंगाक ह्या गावात इलंय, तर ह्यांचे भाताचे कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, खाली व्हाळाच्या कडेक, सकाळी अनवाणी पाय ठेवलो तर कळ डोक्याक जाय. काय सांगू तुमका, भुयमूग कसो पेरतत ताय माका म्हायत नव्हता, ता सगळा माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, शिकवल्यानी.

आबांचो नियम एकच, भात कधीय कापा, भुयमूग पेरूचो तो देवीची जत्रा झाल्यार, ऐन थंडीत. बियाणा घरचा, जमनीर पसरणारा. मगे एका वर्षी शेतकी खात्यातली बाई इली, तिना माका नवीन बियाणा दिल्यान, उभ्या झाडाचा, नि म्हणाली, ताई, हे लवकर पेरा हं, गार मातीत हे रुजत नाही. मी आबांका सांगलंय, ते म्हणाले, जत्रेआधी आमच्या घरात कोणी पेरूक नाय. झाला. जत्रेनंतर पेरला, आबांचा सावकाश वर इला, माझा मातयेतच कुसला. शेजारणी हसत, म्हणत, दर्यावरचा चेडू ता, तेका शेती काय कळतली. माका वायट वाटला, पण त्या बायक खोटी म्हणाक मन तयार होयना.

फुडल्या वर्षी जेवताना म्हटलंय, आबा, माका एक कुणगो देवा. कित्याक गो? म्हटलंय, तुमचा नि त्या बायकडसून परत आणलेला माझा, दोनय बियाणी दोनदा पेरतंय, भात कापल्यार लगेच आणि जत्रेनंतर, चार वाफे करून. आबा जेवचे थांबले. आबा म्हणाले, आणि तुझा परत कुसला तर? म्हटलंय, तर तुम्ही सांगशात तेव्हाच पेरीन, जलमभर. ते म्हणाले, कर.

पेरल्याचे दिवस क्यालेंडरार लिवन ठेवलंय, रोज सकाळी जाऊन बघी. काढणेक आबा सोता इले. माझो लवकरचो वाफो, झाड उपटला की शेंगांचो घोस, माका हसाक येय नि रडाकय. त्याच बियाण्याच्या उशिराच्या वाफ्यात झाडा बोटार मोजण्यासारखी. पण गंमत बघा, आबांचा बियाणा लवकर पेरलेला ता नुसतो पालो, शेंगो चार, आणि जत्रेनंतरचा तेंचाच बियाणा बरा पिकला. आबा बांधार बसले, शेंग फोडून दाणो चावल्यानी, नि म्हणाले, म्हणजे मी चुकूक नव्हतंय. म्हटलंय, नाय आबा, तुमची वेळ तुमच्या बियाण्याची, माझी माझ्या. ते हसले, मगे मीय हसलंय.

आता आमी दोनय पेरतंव. शेजारणी फोन करून विचारतत, गो, पेरूचा काय? आबांका कुणग्यात उतराक जमणा नाय, म्हणान भात कापला की मी ओंजळभर माती घराक आणतंय. ते डोळे मिटून ती हातात धरतत, अजून ऊब आसा म्हणतत, जा, पेर. ती माती मी परत नेऊन कुणग्यात टाकतंय आणि पयलो दाणो थंयच लावतंय. देवी तुमच्याय शेताक बरा पिकवू दे.