नऊ ऑगस्टचा सूर्य

(पूर्णगड, मे १९३०. घराच्या ओटीवर महिपत, त्याचा रजेवर आलेला मुलगा लवू आणि लवूची बायको मथुरा. मथुरेपुढे अर्धी भरलेली पेटी, लवूच्या हातात तो काम करतो त्या वेधशाळेच्या साहेबाचं पत्र.)

महिपत : इंग्रजी ठेव बाजूला. सायब इचारतो काय, ता सांग.

लवू : गेल्या ऑगस्टच्या नऊ तारखेला मी सूर्याचं चित्र काढलं. त्यात एक मोठा डाग नाही. परदेशातल्या वेधशाळेनं त्याच दिवशी फोटो घेतला, त्यात आहे. तुमच्याकडून कसा सुटला, म्हणतो. उलट टपाली कळवायचंय.

महिपत : सूर्यावर डाग. पाच वर्सं ऐकतोय, अजून डोक्यात शिरत नाय.

मथुरा : मामा, आंब्याच्या दिसांत तुमच्या धोतरावर नसतात व्हय? मला नीट सांगा वो. मी आता तिथंच ऱ्हायला चाललेय.

लवू : दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडायचा, बशीएवढा. त्यात काळे ठिपके दिसतात, ते पेन्सिलीनं टिपायचे. रोज थोडे सरकतात. काही वाढतात, काही विरतात. अकरा वर्षांत त्यांची एक भरती-ओहोटी होते.

मथुरा : आनि ह्यो उद्योग रोजचा?

लवू : रोजचा. आमची वेधशाळा आधी समुद्रकाठी होती, जहाजांना वेळ सांगायची. मग स्वच्छ हवेसाठी डोंगरावर नेली. तेव्हापासून साहेब बदलले, माणसं बदलली, चित्रांची वही चालूच आहे. सूर्य दिसला नाही तर 'ढग' लिहायचं. कोरा दिवस ठेवायचा नाही.

महिपत : मंग ढग लिव नि मोकळा हो. ऑगस्टात नाय तर काय चैतात ढग येनार? आनि ढग काय साक्षीला येतो?

लवू : साहेबानंही तेच विचारलंय. पातळ ढग होता का, म्हणतो.

महिपत : बघ. सायब सोता वाट दावतो नि तू काट्यात शिरतोस.

लवू : ढग नव्हता, बाबा. आठ ते दहा चांगली उघडीप होती.

महिपत : मंग डाग सुटला कसा?

लवू : मी सूर्य पाहिलाच नाही. दुपारी आभाळ भरून आल्यावर आदल्या दिवसाचं चित्र पुढ्यात घेतलं, ठिपके रोजच्याइतके पुढं सरकवले नि कागद वहीत लावला. नवा डाग नेमका त्या दिवशी उगवला.

महिपत : ह्ये सायबाला कळलं तर?

लवू : जुलैत मला कायम करणार आहेत. कायम झालो तर बिऱ्हाडाला दोन खोल्या. बनावट चित्र काढणाऱ्याला कोण कायम करतो?

मथुरा : म्हंजे पेटी उपसू? पाच वर्सं हीच पेटी बघत बसले मी.

महिपत : ऐक तिचं.

लवू : बाबा, बावीस वर्षं तुम्ही बंदरावर तुफानाचा बावटा चढवलात. तार आल्याशिवाय कधी चढवलात?

महिपत : कंदी नाय. पन माझा बावटा चुकला तर होड्या बुडल्या असत्या. तुझ्या ठिपक्यानं कोनाची होडी बुडते?

लवू : कोणाची नाही. पण पन्नास वर्षांनी कोणी ती वही उघडील नि खरी धरील. ते मला सोसत नाही.

मथुरा : तुमी त्या सकाळी व्हतात कुठं?

लवू : खोलीत.

मथुरा : ताप व्हता?

लवू : नाही. टपाल आलं होतं.

मथुरा : कोनाचं?

लवू : इथलं. शाळामास्तरांच्या अक्षरातलं.

मथुरा : थांबा. गंगा गेली ती दिव्याच्या अवसेआधी दोन दिस. दुसऱ्या दिशी मास्तरांकडनं लिवून घेतलं. ता पत्र?

लवू : तेच.

महिपत : अरे द्येवा.

मथुरा : तुमचं उलट पत्र आलं त्यात चार वळी. 'ईश्वरेच्छा. प्रकृतीस जपावे.' मी मास्तरांना दोनदा वाचायला लावलं, म्हटलं काय ऱ्हायलं असंल. मंग म्हटलं, मागल्या रजेनंतर झालेली पोर, बापानं तोंड बघितलेलं नाय. त्याला काय वाटनार.

लवू : लिहायला बसलो, तर तेवढंच सुचलं. त्या सकाळी कामाची घंटा झालेली ऐकली मी. उठवेना. ऊन खिडकीतून पायांवर आलं, तिथंच बसून होतो, मग ते गेलं.

मथुरा : घरी येऊन आठ दिस झाले. बोलला नायत.

लवू : तुझ्यापुढं तोंड उघडायची भीती वाटली.

महिपत : लवू, झालं ता झालं. मी बाप सांगतोय, ढग लिव. तुमचा संसार उभा ऱ्हाऊ दे.

मथुरा : नको, मामा.

महिपत : अगो, तुझीच पेटी उपसावी लागंल.

मथुरा : उपसीन. अवो, दौत घ्या. सूर्य व्हता, मी नव्हतो, असं सायबाला नि त्या वहीत लिवा. आनि का नव्हतो, ता गंगेचं नाव घालून लिवा. दुसऱ्या कुठल्या वहीत तिचं नाव नाय.