अर्धवट राहिलेली नोंद

अहो थांबा, तो नोंदींचा प्रोग्राम चालू करू नका! हात काढा आधी — ओरडलो, माफ करा, पण चालू केला की तो आधी स्वतःचं आवरून घेतो म्हणे, अर्धवट राहिलेल्या नोंदी टाकून देतो. मला काय कळतंय त्यातलं? सातवीत शाळा सोडली मी. कारखान्याचा कॉम्प्युटरवाला जाताजाता कानात सांगून गेला — जर्नल फाइल बघ, प्रत्येक नोंद पायरीपायरीनं आधी तिच्यात उतरते, काळ्या पडद्यावर कमांड द्यायची आणि नुसती वाचायची. म्हणून तर कारखान्यातला हा कॉम्प्युटरचा डबा उचलून तुमच्या दुकानात आणला. विचारून? कुणाला विचारू? सुपरवायझरची कॉलर धरली मी परवा, अख्ख्या शिफ्टसमोर, तो मला देतोय होय!

नक्कल काढलीत? हां. नकलेवरच करा काय ते.

तर आमचा दादा फिटर होता, कागदाच्या कारखान्यात. लगदा घुसळायचं मोठं पिंप असतं ना, आत पाती असतात, ती बदलायला आत उतरावं लागतं. उतरायच्या आधी कॉम्प्युटरवर नोंद करायची — आत माणूस आहे. मग हिरवी खूण येते, आणि ती आली की वरच्या खोलीतून कुणी कितीही बटण दाबू दे, पाती हलत नाहीत. वरच्यानं दाबलं. फिरली. आता साहेब म्हणतात, नोंदच केली नव्हती, स्वतःच्या बेपर्वाईनं गेला. बेपर्वा? दादा? माझ्या सायकलचे ब्रेक चारचौघांत वाकून तपासायचा तो, लाज आणायचा मला! वहिनी भांडत नाही, रडत नाही. नुसती विचारते, “भावोजी, केली असेल ना हो त्यांनी नोंद?” मी म्हटलं, केलीच असणार. आईची शपथ घेऊन म्हटलं.

काय आलं? एवढं भराभरा पळतंय, वाचता कसं हो — हा नंबर? दादाचाच! त्याच्या बिल्ल्यावरचा! आणि पुढे — पिंप... आत माणूस... अहो, केली होती! केली होती ना! म्हटलं नव्हतं मी? आता त्या साहेबाला असा —

खाली काय शोधताय अजून?

शेवटची ओळ नाही म्हणजे? नोंद पूर्ण झाल्याची? बरं, मध्येच अडकली, मग दोष मशीनचा, त्याचा काय त्यात? हिरवी खूण? ती कशी येईल, पूर्ण झाल्याशिवाय येतच नाही ती, दादानंच तर सांगितलं होतं मला —

म्हणजे खूण आली नव्हती. आणि हा उतरला.

तसा तो... चहा गाळेपर्यंतसुद्धा धीर नसायचा त्याला, पातेल्यातूनच ओतून घ्यायचा, जीभ भाजून घ्यायचा, आई हसायची, आम्ही सगळेच हसायचो. दुसऱ्याच्या सायकलचे ब्रेक बघेल, स्वतःचं काही आलं की — “येईल रे मागनं.” काय आलं मागनं? थांबायचं ना रे दादा. हाक मारायची होतीस, मी उभा राहिलो असतो त्या बटणापाशी, मला दुसरं काम तरी काय होतं —

प्रिंट? कुणासाठी? वहिनीला काय दाखवू, अर्धी ओळ? नको. नाही, बंद पण नका करू, राहू द्या पडद्यावर. तुम्ही जरा बाहेर जा. दुकान तुमचंच आहे, कळतंय मला. जा म्हणतो ना.