नवखी माणसं हवीत

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर मी माझा नंबर येण्याची वाट पाहत होते. आत संशोधक मुलगी एका आजोबांशी बोलत होती.

"आजोबा, परत तुम्ही?"

"प्रयोगाचं सॉफ्टवेअर वापरायला सोपं आहे का, ते अजून तपासताय ना?"

"हो, पण त्याला नवखी माणसं लागतात. तुम्हाला बटणं पाठ झालीत."

"विसरलो सगळी."

"काहीतरीच! परवा माझीच चूक पकडलीत."

"मग स्क्रीन बंद ठेव."

"आणि बंद स्क्रीनसमोर काय करणार?"

"तूच सांगितलं होतंस ना, मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. तेवढंच करीन."

"…बरं, बसा. पण मला वर्गावर जायचंय. रेकॉर्डिंग लावून जाते, नंतर ऐकेन."

"चालेल की. सवडीनं ऐक."