मेणाचं नाक

नाही हो, टायफॉइड नाही झाला मला! पैज हरले नाही, प्रेमभंगही नाही. दोन दिवसांपासून जो भेटतो तो आधी माझ्या डोक्याकडे बघतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "घरी सगळं ठीक ना?" घरी सगळं ठीक आहे. ठीक झालंय म्हणूनच डोकं असं झालंय. आता विचारलंच आहेत तर बसा आणि पूर्ण ऐका, पण एक आधीच सांगून ठेवते, मी बरोबर होते. हे लक्षात ठेवा.

माझ्या बाबांचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, त्यातली एक कायम मोकळी, कारण कापणारा माणूस एकच. रस्त्यापलीकडे काचेचं थंडगार सलून उघडलंय. तिथं मान चोळून देतात, गाणी लावतात, वर वाकून थँक्यू म्हणतात. तरी आमच्या बाकड्यावर माणसं ताटकळत बसायची. कशासाठी? कात्रीसाठी? छे, कात्री काय, सगळ्यांची सारखीच कापते. गोष्टीसाठी! बाबा केस कापताना इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा सांगतात. शाळा अर्ध्यात सुटलेला माणूस, पण इंग्रजी शब्द दिसला की त्याच्या सात पिढ्यांची कुळकथा तयार. कुठून? बाकड्यावरच्या जुन्या मासिकांतून, फोनवर फिरत आलेल्या मेसेजमधून, आणि जिथं काहीच सापडलं नाही तिथं स्वतःच्या डोक्यातून.

"न्यूज म्हणजे काय, माहितीय? नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चारी दिशांनी येते ती न्यूज." ही दाढीची गोष्ट. छोटी. गालाला साबण लागेपर्यंत सुरू, तुरटी फिरेपर्यंत संपलेली. पूर्ण डोक्याची गोष्ट म्हणजे सिन्सियर. रोममध्ये एक लबाड मूर्तिकार होता, राजाच्या पुतळ्याचं नाक घडवताना तडकलं, म्हणून त्यानं मेणाचं नाक बसवलं, राजा बघायला आला, वर ऊन चढलं आणि नाक हळूहळू मिशीवर उतरलं! तेव्हापासून प्रामाणिक कारागीर मूर्तीखाली लिहू लागले, सिने सेरा, मेणाशिवाय. झाला सिन्सियर! आणि बाबा अंगावरचं पांढरं कापड असं झटकायचे की माणूस उठून टाळ्याच वाजवेल.

गोष्ट छान आहे. फक्त खोटी आहे. प्रामाणिकपणाची गोष्ट, आणि तीच खोटी! आता मी इंग्रजी घेऊन पदवी मिळवलेली, ती याच कात्रीच्या जोरावर, हो, माहितीय, तसं बघू नका. आमच्या बाई वर्गात कुणी काहीही म्हटलं की विचारायच्या, "पुरावा?" तो रोग मला लागला. लागतोच. आणि ही मोठी माणसं! कुणीतरी काहीतरी पाठवतं, ही माणसं ते वाचतात, आणि मान डोलावून पुढे ढकलतात. आपण कुठवर ऐकून घ्यायचं?

तर मागच्या महिन्यात मी डबा घेऊन दुकानात गेले. खुर्चीत टायपिस्टकाका होते. कचेरीत जन्मभर टायपिंग करून निवृत्त झालेले, डोक्यावर मोजून मूठभर केस, पण दर महिन्याला हजर. ही गोष्ट त्यांना पाठ, तरी डोळे मिटून ऐकत होते. ऊन चढलं होतं, नाक मिशीपर्यंत आलं होतं... आणि मी म्हणाले, "बाबा, हे खोटं आहे."

नुसतं म्हणाले नाही, फोन काढून दाखवलं. मूळ लॅटिन शब्द, अर्थ स्वच्छ, शुद्ध, मेणाला काडीचा पुरावा नाही. त्यावर न राहवून न्यूजचंही सांगून टाकलं. चार दिशा वगैरे काही नाही, 'नवं' या शब्दाचं अनेकवचन आहे नुसतं. एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही, हा गुण कुणाकडून आला ते कळेलच तुम्हाला.

कात्री हवेत थांबली. बाबा ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, आम्हाला सवय आहे. पण ते म्हणाले, "असं का. बरं झालं सांगितलंस." बस. टायपिस्टकाकांनी एक डोळा उघडून विचारलं, "मग नाक पडलं की नाही?"

मी बरोबर होते. पण त्या दिवशी टायपिस्टकाका दुकानातून बाहेर पडले ते सोललेल्या कांद्यासारखे.

तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी बसचा ड्रायव्हर केस कापून गेला, त्याची टोपी कानांवर उतरली. मग एक नवरदेव. नवरदेव हो! त्याची आई दुकानात येऊन नुसती उभी राहिली. आणि मग आमच्या आईनं, भाजी चिरता चिरता, रोगाचं नाव सांगितलं. "अगं, त्यांना थांबायचं कधी ते कळेनासं झालंय."

तुम्हाला सांगते, मी इतकी वर्षं ते दुकान बघतेय आणि माझ्या हे लक्षात आलं नाही. बाबा केसांकडे बघून कापतच नव्हते! मूर्तिकार मेण आणायला गेला की कानाजवळचे, राजा आला की मागचे, ऊन चढलं की वरचे, आणि नाक पडलं की कात्री खाली. गोष्ट संपली की केस झाले. आता नाक पडायचं बंद झालं, तर हात थांबणार कुठे? बाबा गप्प उभे, कात्री चालू. गिऱ्हाईक आरशात बघत बसायचं, भिडेपोटी बोलायचं नाही, आणि पुढच्या खेपेला काचेच्या सलूनमध्ये मान चोळून घेताना दिसायचं.

"खरं बोललीस ना?" आई म्हणाली. "आता तेच वाढते पानात. आणि ज्यांनी तुला बोलायला शिकवलं, त्यांचीच बोलती बंद केलीस हो, शाब्बास."

मी काय हातावर हात ठेवून बसले? नाही! मी बाबांना खऱ्या गोष्टी आणून दिल्या. तपासून, पुराव्यासकट. पण खऱ्या शब्दकथेची पंचाईत काय असते माहितीय? निम्म्या वेळा ती असते, 'मूळ अज्ञात'. बाबांनी एका गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगितलं, "या शब्दाचं मूळ अज्ञात आहे." दोनदा कात्री वाजली, गोष्ट संपली, आणि पुढे अख्खं डोकं शिल्लक.

शेवटी सुट्टीच्या दिवशी मी दुकान उघडायला लावलं आणि खुर्चीत बसले. कमरेपर्यंत वेणी होती माझी, आठवतेय ना? म्हटलं, "बाबा, टोकं तेवढी कापा. आणि नाकाची गोष्ट सांगा."

"ती खोटी आहे ना?"

"असू दे."

"असू दे कसं?" त्यांनी वेणी सोडली आणि हलक्या हातानं कंगवा फिरवला. "इतकी वर्षं सांगत बसलो. कुणी काही बोललं नाही. घरी जाऊन हसत असतील."

आता इथं सॉरी म्हणायचं असतं. घशापर्यंत आलं होतं. पण आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही, आम्ही विषय बदलतो. मी म्हणाले, "नाइस शब्दाची सांगू? खरी आहे."

आणि सांगत सुटले. लॅटिनमध्ये त्याचं मूळ म्हणजे ज्याला काही माहीत नाही असा, अडाणी. फ्रेंचांनी उचलला, तर झाला मूर्ख. इंग्रजांकडे आला तोही शिवी म्हणूनच. "मग?" बाबा म्हणाले. अहो, किती दिवसांनी त्यांनी 'मग' म्हटलं होतं! मग तो झाला नखरेल, चोखंदळ, बारीकसारीक खोड काढणारा. "तुझ्यासारखा," बाबा म्हणाले आणि हसले. मग त्यातून झाला नाजूक, मग काटेकोर... "म्हणजे मूर्खाचा काटेकोर झाला? मग?" मी आरशात बघत होते, पण त्यांच्या तोंडाकडे. आणि त्या खऱ्या गोष्टीत ना राजा, ना ऊन, ना नाक, ती आपली शतकामागून शतकं वळणं घेत चाललीय. शेवटी कुठे ती 'चांगला' या अर्थापाशी पोचली, तेव्हा मी आरशात स्वतःकडे पाहिलं. समोर एक घाबरलेला मुलगा बसला होता. वेणी खाली.

"जरा लांबली गोष्ट," बाबा म्हणाले.

आणि एवढं होऊन काल मी दुकानाशी जाते, तर आतून आवाज, "एका राजाच्या दरबारी नाइस नावाचा एक मूर्ख होता..." राजा! कुठून आला राजा? माझं डोकं असं तापलं! खुर्चीत काचेच्या सलूनमधून आलेला नवीन पोरगा, बाकड्यावर टायपिस्टकाका, डोळे मिटून. पोरानं आरशात मला पाहिलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. खरं का हो हे?"

कात्री थांबली. बाबा गिऱ्हाइकाकडे नाही, आरशातून माझ्याकडे बघत होते. टायपिस्टकाकांनी एक डोळा उघडला. आणि मी त्या पोराचं डोकं पाहिलं, डावीकडे माणूस, उजवीकडे रान.

"हो," मी म्हणाले. "अगदी खरं."

"पुरावा?"

मी माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. त्यानं मान सरळ केली, आणि राजा पुढे चालू लागला.

मी खोटं बोलले हे बाबांना माहीत आहे. त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. आणि तरीही, मी बरोबर होते, हे लक्षात ठेवा. फक्त दुकानात येऊन बोलू नका. तिथं कायम कुणाचं तरी डोकं अर्धं झालेलं असतं.