पुस्तकातली पोरगी आणि आमची मुक्ता

अवो, काल सकाळची आमच्या मुक्ताची गंमत तर ऐका! वर्गातल्या पोरी 'कोळसा' म्हणून चिडवतात, म्हणून ती शाळेचं नावच घेईना. मले तर घोर लागला होता. शेवटी तिच्या बाईंनी देशोदेशीच्या पोरांच्या चित्रांचं पुस्तक दिलं. भाव नसल्यानं कापूस घरातच पडून होता, त्याच्याच ढिगावर बसून आम्ही मायलेकी पानं उलटू लागलो. एका पानावर मुक्ताहूनही काळी पोरगी खदखदून हासत होती.

"आई, ही शाळेत जाते?"

"जाते न! पाठीवर दप्तर नाही दिसत का तुले?"

तेवढ्यात माझी मोठी नणंद वाटीत बेसन कालवून आली. "ये मुक्ता, हे लावून देतो. रंग उजळला का मंग जाजो शाळेत."

मोठ्या नणंदेले नाही कसं म्हणावं? मुक्तानं मात्र पुस्तक तिच्यासमोर धरलं.

"आत्या, हिले कोणी बेसन लावलं नाही, तरी ही शाळेत जाते. तू याचे भजे कर, मी डब्यात नेतो."

नणंदेनं वाटीकडे पाहिलं. मग माझ्यावर खेकसली, "शोभा, पाहतं काय? कांदा चिर लवकर. पोरीले शाळेत उशीर होऊन राह्यला!"